स्ट्रिंगचा धडा आणि बुलढाण्याचे तेरा तालुके

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल की स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. वाक्य सुटसुटीत आहे, लक्षातही राहतं. पण मराठी मजकुरावर संशोधन करायला निघालेल्या विद्यार्थ्यासाठी ते चुकीचं आहे, आणि ही चूक किरकोळ नाही. आज त्या धड्याचीच जरा झडती घेऊ. म्हणजे पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमधला मजकुराचा भाग, त्यावर बेतलेले आपल्याकडचे कोर्स, आणि त्याच समजुतीवर उभ्या असलेल्या लायब्रऱ्या.

तपासायला एकच यादी घेतो. बुलढाणा जिल्ह्यातले तेरा तालुके: बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर. हीच यादी घेण्याचं कारण साधं आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत आणि विषय साधारण असे असतात: वर्तमानपत्रांतल्या बातम्या, पीकविम्याच्या तक्रारी, ग्रामसभेचे ठराव. विषय कुठलाही असो, मजकुरात गावाचं नाव येणारच. ते नाव तुमच्या प्रोग्रॅममधून धडपणे बाहेर पडतं का, एवढंच बघायचं आहे.

आधी ट्युटोरियल. पायथनची अधिकृत ओळख करून देणाऱ्या प्रकरणात स्ट्रिंगचं क्रमांकन समजवायला 'पायथन' हाच शब्द घेतला आहे, रोमन लिपीत, सहा अक्षरांचा. पहिलं अक्षर शून्य क्रमांकावर, शेवटचं उणे एकवर, मध्ये आकृती. लांबी मोजायला चौतीस अक्षरांचा एक लांबलचक इंग्रजी शब्द दिला आहे. शिवाय असंही सांगितलंय की पायथनमध्ये अक्षरासाठी वेगळा प्रकार नाही, एका लांबीची स्ट्रिंग म्हणजेच अक्षर. धडा म्हणून हे उत्तम लिहिलंय. भाषा स्वच्छ आहे, उदाहरणं लगेच करून बघता येतात.

आता तोच शब्द देवनागरीत टाका. 'पायथन' ची लांबी विचारली तर उत्तर ५ येतं. तुम्ही-आम्ही बोटावर मोजली तर पा, य, थ, न अशी चारच अक्षरं. एक क्रमांकावर काय आहे असं विचारा; स्क्रीनवर तुटक रेषेच्या गोलाशेजारी एकटा काना उभा दिसेल. तो अक्षर आहे का? कुठल्याही मराठी शाळेतलं दुसरीचं पोर नाही म्हणेल. ट्युटोरियलच्या व्याख्येनुसार मात्र आहे.

असं होतं कारण पायथनची स्ट्रिंग अक्षरांची नसून कोडपॉइंटांची माळ आहे. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला आहे आणि देवनागरीत व्यंजन, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. ही रचना परकी नाही. आपल्याच देशात १९८८ मध्ये ठरलेल्या इस्की मानकावरून युनिकोडने देवनागरीची मांडणी उचलली. त्यामुळे 'बुलढाणा' म्हणजे ब, उकार, ल, ढ, काना, ण, काना अशी सातची माळ, आणि साठवताना यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. आपल्या मनात मात्र चार अक्षरं. 'संग्रामपूर' ची लांबी १०, अक्षरं पाच. यात पायथनचा दोष नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कोडपॉइंट मोजणं हा प्रामाणिक हिशेब आहे, फक्त त्याला अक्षर म्हणू नका.

(मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्यांसाठी जाता जाता: मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण ती मूळ पट्ट्याच्या बाहेर. पायथन मोडीचं एक चिन्ह एक मोजतं, जावा आणि जावास्क्रिप्ट दोन मोजतात. दोन भाषांतले आकडे एका तक्त्यात टाकाल तर परीक्षक विचारतीलच.)

मग आपलं अक्षर कोण मोजतं? युनिकोडकडे त्यासाठी ग्राफीम क्लस्टर नावाची वेगळी व्याख्या आहे. स्विफ्ट भाषा मोजणी तिच्यावरूनच करते. पण तीसुद्धा बरीच वर्षं आपल्या जोडाक्षरांपाशी अडखळत होती: 'ग्रा' ला ती 'ग्' आणि 'रा' असे दोन तुकडे मानायची. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. म्हणजे तुमची लायब्ररी जुनी असेल तर 'संग्रामपूर' सहा अक्षरांचं, नवी असेल तर पाच. लायब्ररीची आवृत्ती प्रबंधात लिहा असं गाईड सांगतात ते उगाच नाही.

स्ट्रिंग उलटी करायचा व्यायाम तर प्रत्येक कोर्समध्ये असतो. 'लोणार' उलटं केलं तर पायथन 'राणोल' देतं. अक्षरांनी उलटं केलं असतं तर 'रणालो' आलं असतं. कान्याने आणि ओकाराने घर बदललं. वर्गात हसायला ठीक आहे, पण शब्द उलटा करून संशोधन कोणी करत नाही, म्हणून इथे थांबत नाही.

खरं नुकसान पुढच्या पायरीवर होतं. मजकुरातून शब्द वेगळे करण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतात आणि त्यात 'शब्दातलं चिन्ह' यासाठी एक खूण असते: बॅकस्लॅश आणि छोटा डब्ल्यू. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये या खुणेचा अर्थ असा, की जे चिन्ह अक्षर किंवा अंक आहे ते, अधिक अंडरस्कोर. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या वर्गवारीत 'अक्षर' नाहीत, 'चिन्ह' या गटात आहेत. त्यामुळे पायथनच्या नजरेत काना हा शब्दाचा भागच नाही. स्वल्पविराम जसा शब्द तोडतो तसाच काना तोडतो.

सायकिट-लर्नचं काउंटव्हेक्टरायझर घ्या. मजकुराचे आकडे करायला बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा यालाच हात घालतात. त्याचा आपोआप ठरलेला नियम असा: अशी किमान दोन चिन्हं सलग आली तर शब्द धरायचा, एकटं चिन्ह टाकून द्यायचं. इंग्रजीत यामुळे एका अक्षराचे निरुपयोगी शब्द गळतात. मराठीत काय होतं? समजा बातमीची ओळ अशी आहे:

शेगाव, नांदुरा, मोताळा तालुक्यांत पाऊस. सोयाबीन, कापूस पाण्यात

यातून त्या नियमाने एकच शब्द शिल्लक राहतो: 'ऊस'.

हातानं पडताळून पाहा. 'शेगाव' मध्ये श, ग, व तिघंही मात्रांमुळे एकमेकांपासून तुटले, प्रत्येकजण एकटा, म्हणून गळाला. नांदुरा, मोताळा, तालुक्यांत, सोयाबीन, कापूस, पाण्यात, सगळ्यांचं तेच. 'पाऊस' मधला प कान्याने तुटला, पण ऊ आणि स शेजारी राहिले आणि त्यांचा झाला ऊस. कोरडवाहू जिल्ह्यातल्या पावसाची बातमी तुमच्या डेटामध्ये उसाची बातमी म्हणून नोंदली गेली. प्रोग्रॅमने चूक दाखवली नाही, लाल अक्षरं आली नाहीत. तक्ता नीट तयार झाला, त्यावर आलेखही निघेल.

तेरा तालुक्यांवर हाच नियम चालवला तर लोणार, शेगाव, मोताळा, नांदुरा हे चार पूर्णपणे नाहीसे होतात. बाकीच्यांचं जे उरतं ते वाचा: चिखलीचं 'खल', मेहकरचं 'हकर', मलकापूरचं 'मलक', संग्रामपूरचं 'मप', सिंदखेड राजाचं 'दख', देऊळगाव राजाचं 'ऊळग', जळगाव जामोदचं 'जळग'. खामगावचं उरतं 'मग'. आता 'मग' हा मराठीतला किती साधा शब्द आहे! 'मग काय झालं' मधला मग आणि कापसाच्या बाजारपेठेचं खामगाव, दोघं एकाच रकान्यात जमा. स्टॉपवर्डच्या यादीत 'मग' असेल, आणि असतोच, तर खामगावही त्याच्याबरोबर हद्दपार.

आणि बुलढाणा? ल आणि ढ शेजारी आहेत, म्हणून 'लढ'. आता 'लढा' आणि 'लढाई' यांचंही त्या नियमाने 'लढ' च होतं. 'बुलढाण्यात शेतकऱ्यांचा लढा' या मथळ्यात 'लढ' दोनदा. म्हणजे तुम्ही टॉपिक मॉडेल चालवलंत तर बुलढाण्याच्या बातम्यांत 'संघर्ष' हा विषय ठळकपणे वर येईल. तुम्ही त्यावर परिच्छेद लिहाल, सामाजिक-आर्थिक कारणं शोधाल, आणि कारण असेल एवढंच की जिल्ह्याच्या नावात ल नंतर ढ येतो.

इथे थोडं थांबा, कारण माझी मुख्य तक्रार हीच आहे. संशोधनपद्धतीच्या पेपरात आपण यादृच्छिक चूक आणि पद्धतशीर चूक यांतला फरक पाठ करतो. डेटा थोडाफार गळतोच, मोठ्या संख्येत ते भरून निघतं, असा एक दिलासा असतो. इथली गळती तशी नाही. कोण गळणार हे नावातल्या मात्रांवर ठरतं. ज्या गावाच्या नावात दोन व्यंजनं सलग बिनमात्रेची आली ते काहीतरी उरतं, प्रत्येक व्यंजनावर मात्रा असलेलं कधीच उरत नाही. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, मूग नेहमी गळणार; हरभरा 'हरभर' होऊन आणि मका 'मक' होऊन टिकणार. दहा हजार बातम्या घ्या किंवा दहा लाख, प्रमाण तेच राहील. तुमचा निष्कर्ष येईल की स्थानिक वृत्तपत्रं कापसापेक्षा हरभऱ्याला जास्त जागा देतात. नमुना जितका मोठा, तितका या खोट्या निष्कर्षावरचा विश्वास पक्का.

एक गंमत. सगळेच शब्द गळाले तर काउंटव्हेक्टरायझर बोलतं: शब्दसंग्रह रिकामा आहे, मजकुरात बहुधा फक्त स्टॉपवर्ड असावेत. म्हणजे कापूस आणि सोयाबीन स्टॉपवर्ड!

याहून सोपी चाळणी बऱ्याच ट्युटोरियलांत असते: जो शब्द निव्वळ अक्षरांचा आहे तोच ठेवा, त्यासाठी इझ-अल्फा ही मेथड. तेरापैकी किती तालुके टिकतात? शून्य. एकही मात्रा असली की उत्तर नाही. 'गवत', 'सरपण', 'नगर' असे शब्द तेवढे पास होतात. विरामचिन्हं काढण्यासाठी पायथनने दिलेली तयार यादीही फक्त इंग्रजी कीबोर्डवरची आहे. आपल्या वर्तमानपत्रांतली वळणदार अवतरणचिन्हं तिच्यात नाहीत, ती शब्दाला चिकटून राहतात.

"पण आम्ही काउंटव्हेक्टरायझर वापरत नाही, बर्ट वापरतो," असं कोणी म्हणेल. बघू. गूगलच्या बहुभाषिक बर्टच्या दोन आवृत्त्या होत्या, केस्ड आणि अनकेस्ड. अनकेस्डमध्ये युरोपीय भाषांतले अॅक्सेंट काढायची सोय आहे: युनिकोडच्या एका विशिष्ट उपगटातली चिन्हं पुसायची. त्या उपगटात आपला उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त आहेत. काना, वेलांटी, ओकार दुसऱ्या उपगटात, म्हणून ते वाचतात. तर बुलढाणा होतो 'बलढाणा', शेगाव 'शगाव', नांदुरा 'नादरा', संग्रामपूर 'सगरामपर'. लोणार आणि चिखली मात्र धडधाकट. आधीच्या चाळणीत लोणार साफ नाहीसं झालं होतं, इथे त्याला खरचटलंही नाही. दोन पद्धतींची तुलना करणारा प्रबंध लिहिला तर एका तालुक्याबद्दल दोन वेगळे निष्कर्ष निघतील आणि दोन्हींचं कारण लिपीत असेल, लोणारमध्ये नाही. गूगलने स्वतःच रोमनेतर लिप्यांसाठी केस्ड आवृत्ती वापरा असं लिहून ठेवलं आहे. ती सूचना वाचतो कोण? आज मराठीसाठी महाबर्टसारखी खास मॉडेलं आहेत आणि ती जरूर वापरा. पण मॉडेलला देण्याआधी तुम्हीच मजकूर 'स्वच्छ' करून मात्रा उडवल्या असतील, तर ते बिचारं काय करणार?

आता न्यायाने बोलायचं तर पायथनचं श्रेयही मांडायला हवं. २००८ च्या पायथन ३ पासून स्ट्रिंग मुळातच युनिकोड आहे, त्याआधी मराठी मजकूर हाताळणं ही रोजची डोकेदुखी होती. देवनागरी अंकांत लिहिलेलं २०११ पूर्णांकात बदला म्हटलं तर पायथन मुकाट बदलून देतं, किती भाषा हे करतात? अधिकृत कागदपत्रांत युनिकोडवर वेगळं मार्गदर्शनही आहे आणि ते चांगलं आहे. माझा आक्षेप असा, की ते वेगळ्या खोलीत ठेवलंय. स्ट्रिंगचा धडा वाचणारा विद्यार्थी तिथवर पोचत नाही, कारण त्याला तिथे जायची गरज आहे हेच धड्यातून कळत नाही.

आणि एक विसंगती मला फारच खटकते. पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं. 'बुलढाणा' हे चलाचं नाव म्हणून वैध आहे का असं विचारलं तर भाषा हो म्हणते, कारण नावांच्या नियमात मात्रांना जागा आहे. 'बुलढाणा' हा एक शब्द आहे का असं त्याच भाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला विचारलं तर तो म्हणतो, नाही, तीन तुकडे आहेत. एका घरात दोन न्याय. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी युनिकोडची स्वतःची शिफारस आहे की शब्दाच्या खुणेत ही चिन्हंही धरावीत. पायथनच्या बग-यादीत ही तक्रार २००७ सालीच नोंदली गेली होती: रोमनेतर लिप्यांसाठी ही खूण कामाची नाही. रेगेक्स नावाचं बाहेरचं मॉड्यूल हे बरोबर करतं. ते बसवायला एक ओळ लागते.

मात्रा वाचल्या म्हणजे काम झालं असंही नाही. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात बुलढाणा होता. इथल्या कुठल्याही दशकातल्या मजकुरात हा शब्द पानोपानी सापडेल. त्यातला 'ऱ्य' संगणकात निदान तीन प्रकारांनी साठवलेला असतो. एक, ऱ हा स्वतंत्र कोडपॉइंट आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त, आणि पुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिघं जुळे भाऊ, पण पायथनला बरोबरीच्या खुणेने विचारा, तीन वेगळे शब्द. शिवाय घाईत टाइप केलेलं 'शेतकर्यांना' हे चौथं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो तुम्हाला स्वतः नियम लिहून पहिल्यात आणावा लागतो.

इथे एक आडवाट आहे आणि लोक हमखास त्या वाटेनं जातात: न दिसणारी चिन्हं 'कचरा' म्हणून सरसकट काढून टाकणं. झेडडब्ल्यूजे काढलं की र्‍य चा र्य होतो. मग 'दऱ्या' चा 'दर्या' होतो आणि 'आचाऱ्यास' चा 'आचार्यास'. अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या दऱ्या समुद्रात बुडाल्या, स्वयंपाकी आचार्यपदाला पोचला. हे उदाहरण आपण शाळेत व्याकरण म्हणून शिकलो. डेटा साफ करताना ते आठवलं पाहिजे. 'ॲ' चंही असंच. २००८ साली त्याला स्वतंत्र कोडपॉइंट मिळाला, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहीत होते आणि अजूनही लिहितात. नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही.

आता विभक्ती. गावाचं नाव मजकुरात आहे का, हे बघायला पायथनमध्ये 'इन' हा शब्द पुरतो. 'खामगाव' हे 'खामगावात' मध्ये सापडतं, 'लोणार' हे 'लोणारला' मध्ये. 'बुलढाणा' मात्र 'बुलढाण्यात' मध्ये सापडत नाही, कारण सामान्यरूपात णा चा ण्या झाला. मोताळ्याचं तेच, नांदुऱ्याचं तेच. म्हणजे पुन्हा पद्धतशीर गळती: आकारान्त नावाची गावं कमी मोजली जाणार, व्यंजनान्त पूर्ण. शेवटचा काना छाटून 'बुलढाण' आणि 'मोताळ' शोधायची युक्ती चालते. 'नांदुर' शोधलं तर 'नांदुऱ्यात' सापडेलच असं नाही, कारण तिथला ऱ वेगळा कोडपॉइंट असू शकतो. आधी मजकूर विघटित रूपात नेला तर सापडतं. आणि मग सप्तशृंगीच्या पायथ्याचं नांदुरीही सापडतं. घ्या.

उलट बाजूही आहे. 'जळगाव' शोधलं की 'जळगाव जामोद' ची बातमी शेजारच्या जिल्ह्याच्या खात्यात जाते. मलकापूर इथे आहे, कराडजवळ आहे, कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. स्ट्रिंग शंभर टक्के जुळते, जागा नाही. खुद्द जिल्ह्याचं नाव कोणी बुलढाणा लिहितं, कोणी बुलडाणा; २०११ च्या जनगणनेत ते रोमन लिपीत एच नसलेलं आहे. भिल्लांचं ठाणं यावरून नाव पडलं असं सांगतात, म्हणजे मूळ ना ढ चं ना ड चं. कोणतं बरोबर यावर वाद घालायला माझी ना नाही, पण तक्ते जोडताना तो वाद उपयोगाचा नाही. दोन्ही रूपांची यादी हाताने करा आणि जोडणी नावावर न करता कोडवर करा. त्या जनगणनेत जिल्ह्याचा कोड ५०० आहे. 'साधारण जुळणारी' नावं आपोआप शोधणारी साधनं वापरायची असतील तर लक्षात ठेवा, ती अंतर कोडपॉइंटांत मोजतात. गोंदियातलं आमगाव आणि आपलं खामगाव यांच्यात अक्षरांनी एकाचा फरक, कोडपॉइंटांनी दोनाचा. मर्यादा किती ठेवली यावर दोन गावं एक होतील किंवा राहतील.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतल्या फाइलींबद्दल इथे लिहीत नाही. त्यांत देवनागरी मुळी साठवलेलीच नसते, रोमन चिन्हांवर देवनागरीचा मुखवटा असतो. आधी रूपांतर, मग बाकी सगळं.

प्रबंधात या सगळ्याची नोंद कशी दिसते? बहुतेक वेळा एका ओळीत: विरामचिन्हे व विशेष चिन्हे काढून मजकूर स्वच्छ केला. वाचणाऱ्याला कळत नाही की 'विशेष चिन्हां' त काना होता की नव्हता. त्याऐवजी चार गोष्टी लिहा: शब्द कोणत्या नियमाने तोडले, नॉर्मलायझेशन कोणतं, झेडडब्ल्यूजे आणि ऱ्य चं काय केलं, लायब्ररीच्या आवृत्त्या कोणत्या. अर्धं पान लागतं. आणि कोड चालवण्याआधी एक छोटी फाइल करा. तेरा तालुके, त्यांची सप्तमीची रूपं, पाच पिकं, 'शेतकऱ्यांना' चे चारही प्रकार, आणि 'पाऊस'. प्रत्येक पायरीनंतर ही फाइल छापून डोळ्यांनी वाचा. तुमचा अभ्यास नांदेडचा किंवा सिंधुदुर्गाचा असेल तर तिथली नावं घ्या, मात्र काना, उकार, अनुस्वार, जोडाक्षर आणि ऱ्य असलेलं प्रत्येकी एक तरी नाव असू द्या. पाऊस ऊस होऊन बाहेर आला, तर काउंटव्हेक्टरायझरला स्वतःचा टोकन पॅटर्न द्या किंवा मोकळ्या जागेवर शब्द तोडून कडेची विरामचिन्हं तेवढी काढा, आणि पुन्हा छापा.